थंड माशाचा घास

प्रिय ऋचा,

अनेक आशीर्वाद. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. भूपेंद्रच्या पहिलीच्या पुस्तकात त्याच्याबरोबर डोकं घालून शिकले, तेवढंच. तोच ह्या कागदाचा फोटो काढून तुला त्या स्कॉटलंडच्या बेटावर पाठवील.

इकडे उधन्यात ऊन मी म्हणतंय. भूपेंद्रला इच्छापोरच्या कारखान्यात दुपारची पाळी आहे. अमूला दाढा येताहेत, म्हणून दिसेल ते चावते. काल माझ्या चष्म्याची काडी चावली. वरणभात मऊ करून देते, खाते. लेकीची काळजी करू नकोस असं म्हणणार नाही, करशीलच. पण तू काम अर्धवट टाकून परत यायचं म्हणतेस, हे भूपेंद्रनं सांगितलं तेव्हापासून माझ्याच घशाखाली घास उतरेना.

तुझ्या त्या समुद्रातल्या पाणकावळ्यांचा मला आता लळा लागलाय. पाखराला गिळवलेल्या यंत्राच्या गोळीनं पोटात मोजलेल्या तापमानाची रेघ तू पहिल्यांदा फोनवर दाखवलीस, ती एकदम खाली पडली, आणि मी ओरडलेच, अगं बाई, गेलं की काय पाखरू! तू हसून लोळायची बाकी होतीस. म्हणालीस, मेलं नाही, जेवलं. बर्फासारखा गार मासा गिळला की पोट गार पडतं, रेघ पडली की समजायचं घास आत गेला. मग तो मासा गरम करायला त्याला स्वतःच्याच अंगातली ऊब खर्चावी लागते. आपण शिळी भाकरी तव्यावर टाकतो, ह्याचा तवा पोटातच! पण जेवून बसून न राहता लगेच दुसरी बुडी मारली, तर पाय मारण्याच्या उबेतच मासा गरम होत असेल, वेगळं सरपण लागत नसेल, असं तुला वाटतं. मला तर ते ऐकताक्षणी पटलं गं. थंडीत गार भाकर खाऊन बसलं की हुडहुडी भरते, कामाला लागलं की अंग तापतं. पण माझ्या पटण्यानं काय होतंय? पिलं उडेपर्यंत मोजून तूच ते तपासणार होतीस ना? आता उठून आलीस तर ती पिलं काय तुझ्यासाठी थांबणार आहेत?

शेजारची जयश्री परवा ओट्यावर टोमणा मारून गेली, सून पाखरांची पोटं मोजते आन् सासू नातीचं पोट भरते. मी म्हटलं, बाई, पाखरंसुद्धा पाळीपाळीनं घरटं सांभाळतात. एक बुडी मारतं, एक बसून राहतं. सध्या माझी बसायची पाळी आहे. मग तिला एकदम कुकरची शिट्टी ऐकू आली.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. त्या दिवशी फोनवर अमू माझ्या गळ्यात पडून 'माय, माय' करत होती आणि तुझा चेहरा उतरला. मला वाटलं, तिकडे आभाळ आलं असेल. भूपेंद्रनं काल सांगितलं की तू नंतर रडलीस. तुझा नवरा मला माय म्हणतो, आता तुझं लेकरूही मलाच आई समजायला लागलं, असं तुझ्या मनानं घेतलं. अगं वेडे! तुमच्या माहेरी आजीला आजी म्हणतात. आम्हा खानदेशी माणसांत आजी म्हणजे 'मोठी माय', आणि तेच मी तिला शिकवलंय. 'मोठी' म्हणायला ती ओठ गोल करते, नुसती हवा निघते, मग 'माय' तेवढं उमटतं. फोनवर हवा कशी ऐकू येणार? आई म्हणजे तू, हे तिला पक्कं ठाऊक आहे. फोन वाजला, कुणाचाही असो, 'आई' करत धावते. सकाळी गॅसवाल्यालासुद्धा आई म्हणाली, तो बिचारा गांगरला. लेकीच्या ओढीनं राहवेना झालं तर खुशाल ये, भाकरतुकडा ओवाळून घरात घेईन. पण न उमटलेल्या एका 'मोठी'ला भिऊन येऊ नकोस.

तुझीच,
अमूची मोठी माय
(सुंदरा)