पोकळ फळी

२ जून
माझ्या जुन्या कोचबाई एकदा म्हणाल्या होत्या, बाहेरून आणलेली मुलगी जिंकली की बस पकडते. आपली मुलगी हरली तरी जेवायला घरीच येते. आता इतकी वर्षं कॉलेजची कोच मी आहे. यंदा बास्केटबॉल टीममध्ये फक्त गावातल्या मुली. प्रिन्सिपॉल म्हणाले, अहो मॅडम, बाहेरच्या उंच मुली मिळतायत की. म्हटलं, सर, उंच तर शिडीही असते. उठून बाहेर गेले. पटलं असेल. किंवा फोन वाजला असेल.

२ जून, जेवणानंतर
हे विचारतात, धोरण लेकीसाठीच ना? छे! लेक यंदा कॉलेजात येणार, कॅप्टन होणार, हा निव्वळ योगायोग.

१९ जून
ट्रायल्स. आल्या तेवढ्या सगळ्या घेतल्या. बेकरीवाल्याच्या मुलीला धावताना धाप लागते, पण पत्ता गावातला आहे. सगळ्यात उंच मुलगी माझ्या कानापर्यंत येते. लेक आली नाही. डोकं दुखत असेल.

२७ जून
डोकं दुखत नव्हतं. दुसऱ्या कॉलेजने घेतलंय तिला. बसने अर्धा दिवस लांब. हॉस्टेल, बूट, सगळं त्यांचं. म्हणाली, आई, तिथे मला कुणी मॅडमची मुलगी म्हणणार नाही. बाहेरच्या मुली पळवणाऱ्या कॉलेजांचा मी निषेध करते. महिनाभरात परत येईल. कॅप्टनची जर्सी राखून ठेवली आहे.

११ ऑगस्ट
पुन्हा हरलो. पाया पक्का होतोय. बेकरीवालीने कॅप्टनची जर्सी मागितली, तिची उसवलीय. म्हटलं, सुईदोरा आण.

२ सप्टेंबर
लेकीला फोन केला. म्हणाली, प्रॅक्टिसला चाललेय, नंतर करते. शिस्त! माझीच शिकवण.

९ सप्टेंबर
नंतर अजून झालेलं नाही. नेटवर्क.

२० नोव्हेंबर
शेवटची मॅच आमच्या हॉलमध्ये, लेकीच्या टीमशी. हरलो तर पुढच्या वर्षी बाहेरच्या मुली आणणार, असं प्रिन्सिपॉल स्पष्टच बोलले. खुशाल बोलोत. कोर्टच्या डाव्या कोपऱ्यातली फळी खालून पोकळ आहे. तिथे चेंडू टप्पाच घेत नाही, मरतो. आमच्या मुली ती टाळतात. पाहुण्यांना काय कळणार? सुतार दुरुस्तीला आला होता, चहा पाजून परत पाठवला. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो हाच.

६ डिसेंबर
हरलो. एकीकडून लेक, दुसरीकडून त्यांची लांब हातांची मुलगी. आमच्या पोरींना रेटत रेटत त्याच कोपऱ्यात न्यायच्या. चेंडू फळीवर मेला की लेक अलगद उचलायची. दर वेळी. ती लहान असताना मी इथे प्रॅक्टिस घ्यायचे, तेव्हा ती त्याच फळीवर बसून डबा खायची. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

आमच्यात गावाला सगळ्यात जास्त ओळखणारी तीच निघाली. म्हणजे धोरण बरोबरच होतं. प्रिन्सिपॉलना हा मुद्दा सांगायला गेले. ते सुताराशी बोलत होते.

शेवटी रांगेत हात मिळवताना लेक मला म्हणाली, थँक यू, मॅडम.

हे हॉलच्या पायरीवर लिहितेय. त्यांची बस गेटजवळ सुरू होऊन उभी आहे. मुली चढताहेत, लेकीचे बूट अजून बसच्या पायरीखाली दिसतात. उद्या रविवार आहे. जाऊन विचारते, जेवायला घरी येतेस का. नाहीच म्हणेल. तरी विचारते.