चार हजारांतले दोनशे

धम्मपाल यांना जयभीम,

हे पत्र पेटीत टाकणार नाही, म्हणूनच मोकळेपणी लिहितेय.

तीस वर्षांपूर्वी तुम्ही ओझरहून मनमाडला मला पाहायला आला होतात. बाबांनी पगार विचारला. तुम्ही म्हणालात, "कापून-बिपून हातात चार हजार येतात. घरखर्च भागवून दोनशे उरतात. त्यात दोघांचा एक सिनेमा होईल, येताना भेळ." सगळे हसले. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. मी हसले नाही.

पुढच्या रविवारी नाशिकरोडचं स्थळ आलं. त्यांनी पाच हजार सांगितले. चारापेक्षा पाच जास्त, म्हणून बाबांनी तिथे ठरवून टाकलं. लग्नानंतर यांच्या पगाराची स्लिप पाहिली तेव्हा कळलं, पाच हजार कागदावरचे होते. फंड आणि सोसायटीचा हप्ता कापून हातात तुमच्यापेक्षा कमीच यायचे. माणूस चांगला आहे, तक्रार नाही. बाबांना मी हे कधी सांगितलं नाही. सिनेमाचं तर कुणालाच नाही.

काल आमच्या सृष्टीला पाहायला मुलगा आला होता. बारा लाखांचं पॅकेज म्हणाला. मी विचारलं, "हातात किती येतात?" त्याने नीट सांगितलं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि सगळं भागवून जे उरतात, त्यांचं काय करता?"

तो बराच वेळ विचार करत बसला.

तुम्हाला विचार करावा लागला नव्हता.

ट्रे धरून उभी राहिलेली,
सुनंदा