आईचा शब्द

सुरत, मंगळवार, १४ ऑक्टोबर १९९७

पाठवणी. संध्याकाळपासून हाच शब्द डोक्यात घोळतोय.

दादा आखातात ट्रक चालवायचा. तिथे त्याच्या ट्रकखाली एक माणूस गेला आणि खटल्याआधीच दादा इथे पळून आला. आता तिकडचं सरकार त्याला परत मागतंय. कडोदऱ्याहून काका आले तेव्हा आई रडत म्हणाली, "माझ्या लेकाची पाठवणी करू नका हो!"

काका हसले. "वहिनी, पाठवणी पोरीची असते. याला प्रत्यार्पण म्हणतात."

पण आई चुकली का? ताईची पाठवणी केली, तेव्हा परक्या घरात तिचं कोण ऐकेल, हे कुणीच विचारलं नाही. दादाच्या वेळी मात्र काका म्हणतात, "तिथे आपली भाषा कोणाला कळणार? खटला इथेच चालवा." तेही खरंच. दुभाष्याने एक शब्द चुकवला तर? पण साक्षीदार तिथे, मेलेल्याची बायको तिथे. तिने काय सुरतेला यायचं? ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जाऊन कबूल करायचं, हे याच घरात शिकले ना मी?

मी भाकरी वाढत असताना दादाने हळूच विचारलं, "छोटे, तू तरी माझ्या बाजूने ना?"

"हो रे."

"मग काय करू?"

"जा."

त्याने ताट सारलं. आईने ऐकलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मी बरोबर बोलले, असं अजूनही वाटतं. पण शिक्षा झाली तर ती भोगणार तो. मी नाही.