महूला निघालेली गाडी

रविवार, संध्याकाळ

बाबांची जुनी आलिशान गाडी आजही चालू झाली नाही. बॅटरी नवी, फ्यूज मीच बदलले. स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. पेट्रोल पोचत नसेल का?

शेजारचे वर्माजी म्हणाले, "भिया, पंप गया लगता है."

महूला मोठे काका आजारी आहेत. त्यांना याच गाडीतून फिरवून आणायचं बाबांनी कबूल केलं होतं. म्हणून दुपारपासून इस्त्रीचा शर्ट घालून ते पुढच्या सीटवर बसून होते. मी पुन्हा चावी फिरवली. स्टार्टर नुसताच फिरला.

तेवढ्यात चुलतभावाचा फोन. काका आता कुणाला ओळखत नाहीत.

बाबा उतरले, दार हळू लावलं. "टॅक्सी बोलाव," म्हणाले.

माझे हात ग्रीसनं माखलेले. फोनसुद्धा त्यांनाच धरावा लागला.