गेटावरची पाटी

८ ऑक्टोबर, रविवार

घरी निवडणुकीची गर्दी, म्हणून आजपासून मुक्काम सेक्टर ६, पोलाद प्लांटच्या वसाहतीत. दुर्गहून इथं यायला अर्धा तासही लागत नाही, पण पुढे पोलिसांची जीप आणि मागे पप्पांच्या कार्यकर्त्यांच्या दोन गाड्या, त्यामुळे मी अगदी वरातीसारखी आले. कांता मावशी गेटात भाकरतुकडा घेऊन उभीच होती. ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, आणि मला पोटाशी धरून इतकी रडली की शेवटी मीच तिला पाणी दिलं.

मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. मी सहावीत असताना आई गेली. त्यानंतर मावशी फक्त लग्नाकार्यात भेटायची. तिच्या नवऱ्याला, शालिकराम मौसाजींना, प्लांटात बढती मिळाली आणि जुलैत हे मोठं क्वार्टर मिळालं. मी ते आज पहिल्यांदाच पाहिलं. माझ्यासाठी कडेची खोली खास पिस्ता रंगाने रंगवून घेतली आहे. रंगाचा वास अजून गेलेला नाही. खिडकीबाहेर पेरूचं झाड आहे, पलीकडे गेट, आणि पेरू खाण्याची मला पूर्ण मुभा आहे.

ही वही सुजाता मॅडमनी दिली. त्या समुपदेशक, दर गुरुवारी दुपारी येणार. जे बोलवत नाही ते लिही, म्हणाल्या. मराठीत लिहायचं मीच ठरवलं. शाळा हिंदी, रस्ता हिंदी, पप्पांचं ऑफिस हिंदी. पोलिसांनी पाच वेळा जबाब घेतला तोही हिंदीत. हिंदीत लिहायला बसलं की सहावा जबाब देते आहे असं वाटतं. मराठी आईची.

जाताना पप्पांनी जीप परत पाठवली. घरच्या माणसांत पहारा कशाला, म्हणाले. खरंच आहे.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आज एक गंमत झाली. तोंड धुताना डोळ्यांत साबण गेला. डोळे मिटूनच उजवीकडे हात लांब केला तर टॉवेल हातात. तशीच आंधळ्यासारखी बाहेर निघाले. न्हाणीची पायरी पायाने बरोबर ओळखली, अकरा पावलं चालले आणि गुडघा पलंगाला टेकला. मी मोजत होते हे मला अकराव्या पावलाला कळलं.

मावशीला सांगितलं तर ती क्षणभर पीठ मळायची थांबली, मग हसली. म्हणे, "अवं, इथले सारे क्वाटर एकसारखेच असतेत. एकात राहिलं का दुसऱ्यात डोये मिटून फिरता येते." मौसाजी एकदा थकून आले आणि सरळ शेजारच्या क्वार्टरात शिरून खुर्चीवर बसले, शेजारणीने चहा दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं म्हणे. मी खूप हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

पण मी याआधी कुठल्याच क्वार्टरात राहिलेले नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सुजाता मॅडम येऊन गेल्या. त्यांच्यासमोर निम्मंच बोलले, उरलेलं इथे लिहिते.

एक सप्टेंबरला शिकवणीहून येताना मला गाडीत ओढलं. डोळ्यांवर पट्टी, हात पाठीमागे बांधलेले. गाडीतल्या माणसाने हिंदीत एकदाच सांगितलं, तोंडातून आवाज काढायचा नाही आणि दारावर दोनदा टकटक झाली की भिंतीकडे तोंड करून बसायचं. त्यानंतर नऊ दिवस कोणी एक अक्षर बोललं नाही. जेवण भरवणाऱ्या हातात जाड कापडी मोजे असायचे. चौथ्या दिवसापासून टकटक ऐकली की मी आपोआप वळायचे. दहा तारखेला पहाटे मला रसमड्याच्या कारखान्यांच्या भागात एका बंद शेडमध्ये सोडून दिलं. पोलीस म्हणतात, नऊ दिवस मी तिथेच होते.

एक गोष्ट मात्र मी पाचही जबाबांत सांगितली नाही. चौथ्या दिवशी कोणीतरी मोजे काढून माझे केस विंचरले. वेणी घातली आणि शेवटाला रबर न लावता केसांचाच वेढा देऊन गाठ मारली. आई घालायची तशी. मला वाटलं आईच आली. मला बरं वाटलं. ज्यांनी मला बांधून ठेवलं त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हाताने मला बरं वाटलं, हे कोणाला सांगू?

पप्पा सभांमधून माझ्या नऊ दिवसांबद्दल बोलतात. लोक रडतात म्हणे. यंदा विधायकीचं, म्हणजे आमदारकीचं, तिकीट मिळालं आहे. सत्तावीसला मला मंचावर नेणार आहेत. फक्त हात जोडायचे, बोलायचं काही नाही.

१६ ऑक्टोबर, सोमवार

मौसाजींची नाइट शिफ्ट लागली. इथे शिफ्ट आठवड्याने बदलते. नाइट असली की माणूस दिवसा झोपतो आणि अख्खं घर दबक्या पावलांनी वावरतं. मावशीने गेटाला पुठ्ठ्याची पाटी अडकवली आहे: "नाइट शिफ्ट. बेल वाजवू नये." या पाटीला इथे भारी मान. दूधवाला पिशवी अडकवून जातो, शेजारणी गेटाला हातही लावत नाहीत.

दुपारी वरणाचा वास आला. कुकर लागलेला, पण शिट्टी झाली नाही. मावशी शिट्टी व्हायच्या आधीच चमच्याने ती उचलून धरते. लांबच लांब सूंऽऽ असा आवाज, मग थांबतो, मग पुन्हा.

तो आवाज मला माहीत आहे. नऊ दिवस रोज ऐकला. मला वाटायचं, ते एखादं यंत्र असेल.

मला उलटी झाली. मावशीने पाठ चोळली.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमना कुकरचं सांगितलं. त्या म्हणाल्या की असं होतं, मन बरेच दिवस सगळीकडे तीच खोली शोधत राहतं. त्यांनी शिट्टी उचलण्याबद्दलही समजावलं. नाइटवाल्यांच्या सगळ्याच घरांत असं करतात, त्यांच्या सासरीसुद्धा. पटलं. पटवून घेतलं.

२१ ऑक्टोबर, शनिवार

मावशी तेलाची वाटी घेऊन बसली, माझे केस सुटले होते म्हणून. मी पुढ्यात बसले. आधी तीनदा वरून खाली बोटं फिरवली, मग फणी. वेणी झाली. रबर द्यायला मी हात मागे केला, तर ती म्हणाली, "नाई लागत."

केसांचाच वेढा. गाठ.

मी हलले नाही. भंडाऱ्याच्या एकाच आजीने दोघी बहिणींना शिकवली असणार, हे साधं आहे. साधंच आहे. पण मावशी रडत होती, मला मागे न बघता कळलं. म्हणाली, "तुयी माय असती तर..." आणि तेलाची वाटी घेऊन उठली.

२३ ऑक्टोबर, सोमवार

मौसाजींची सकाळची शिफ्ट सुरू झाली. पाटी निघाली. आजच शेजारची नीतू आत आली, कॉलेजात आहे, तोंड क्षणभर बंद नसतं. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दिसले म्हणून पेरू तोडून दिले. मग सहज बोलता बोलता म्हणाली की सप्टेंबरात तर या घराकडे फिरकायचीच सोय नव्हती. "यार, नौ दिन लगातार पाटी! काकाले कोन देते नऊ दिवस नाइट? अन् बाबाले तर काका सकाळीच प्लांटात भेटून राहिले होते." ती हसली. मावशीने तिला विचारलं, गॅसवर काही ठेवून आलीस का. नीतू गेली.

मी विचारलं नाही, कोणत्या नऊ तारखा.

विचारायची गरज नव्हती.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

मावशी बाजारात गेली होती. मी पलंग ओढला. त्या जागी, तेव्हा बसायचे तशी, पाठ भिंतीला लावून बसले. हात मागे घेतले. रोज एक रेघ नखाने ओढायचे मी, दिवस हरवू नयेत म्हणून.

बोटांना लागल्या. पिस्ता रंगाच्या खाली. एक, दोन, तीन... नऊ.

दाराच्या बाहेरच्या बाजूला लांबीने बुजवलेली चार भोकं आहेत. कडीची.

म्हणजे मला इथे आणलेलं नाही. परत आणलं आहे.

कोणाला सांगू? पप्पांना सांगायचं. पप्पांनाच. ते मौसाजींना उभं चिरतील. माझा फोन पप्पांच्याच कपाटात आहे, डॉक्टरांनी दूर ठेवायला सांगितलं म्हणून. मावशीच्या फोनवरून कसं—

२५ ऑक्टोबर, बुधवार

पलंग पूर्ण सरकवला नव्हता मी. मावशीला दिसला.

दुपारी मागच्या अंगणात फोनवर बोलत होती. मी न्हाणीत होते, झरोका उघडा. सगळं ऐकलं.

म्हणाली, पोरीनं ओळखलं. म्हणाली, तुमीच म्हणाले होते, परक्याच्या हाती देन्यापरीस घरची बरी, पोट भरून जेवन, मायेचा हात. म्हणाली, नऊ दिवस मी केलं, आता माह्याच्यानं नाई होत.

आणि मग म्हणाली, "या मंग तुमीच, भाऊजी."

भाऊजी ती एकाच माणसाला म्हणते.

जीप त्यांनी परत पाठवली.

मला रडू येत नाही. मला फक्त सारखं आठवतं की शेडमधून मला उचलताना पप्पा किती रडले. खरे अश्रू होते. माझ्या मानेवर पडलेले.

उद्या गुरुवार. मॅडम. ही वही त्यांच्या हातात द्यायची. बोलायचंच नाही, फक्त वही द्यायची. उद्यापर्यंत काही झालं नाही असं वागायचं. जेवले. वरण-भात. सगळा.

२६ ऑक्टोबर

सकाळी मौसाजी कामावर गेले. सकाळच्या शिफ्टला.

मावशीने वेणी घातली. हात थंड.

—

साडेअकरा. खिडकीतून गेट दिसतं. पाटी लावली आहे. नाइट शिफ्ट. बेल वाजवू नये.

मौसाजी घरात नाहीत. मग कोण झोपलं आहे?

—

दाराला बाहेरून काहीतरी करतायत. पेचकस. लाकडात पेच फिरतो तसा आवाज. चार वेळा.

मी दार ओढून पाहिलं नाही. नाही पाहणार. मॅडम दोनला येतात.

—

दोन. मॅडमची स्कूटर. आवाज ओळखते मी. गेटापाशी थांबली. हेल्मेट काढलं. पाटी वाचली.

हाक मारायची. खिडकी उघडी आहे. एवढंच अंतर. मॅडम म्हणायचं—

तोंड उघडलं. नऊ दिवस ज्या गळ्याला आवाज करायचा नाही हे शिकवलं, तो गळा—

त्यांनी पुठ्ठ्याच्या मागे चिठ्ठी खोचली. हेल्मेट घातलं. बेल वाजवली नाही. नाइटवाल्याची झोप मोडू नये. त्यांच्या सासरीसुद्धा—

गेल्या.

—

कुकर लागला आहे. सूंऽऽ.

—

गाडी. एकच. मागे-पुढे कोणी नाही. मावशी रडते आहे. पप्पा हळू बोलतात, सभेत बोलतात तसं नाही. उद्याचं मंचावरचं काहीतरी. ती बोलणार नाही, तुम्ही घाबरू नका, मी समजावतो.

वही पेरूच्या झाडात टाकू? नीतू तोडायला येते. खिडकीच्या गजांतून जाईल. मराठी आहे, नीतूला वाचता येईल—

पावलं. मी मोजते आहे. दाराखालच्या फटीत पांढऱ्या चपला. पप्पांच्या.

वही टाकायची. आता. ऊठ. उन्नती, ऊठ—

टक टक.

दोनच.

माझं तोंड आपोआप भिंतीकडे—