साडीतल्या बाईचे चित्र

रोल्ला, शारजा
१४ मार्च १९९८

तीर्थरूप आईस,
शारजाहून दिगंबरचा साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघे सुखरूप आहोत. मृण्मयी चालू लागली आहे, वरणभात नीट जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

दीड वर्षाच्या मुलांची वाढ तपासतात, म्हणून तिला दवाखान्यात नेले होते. तपासणाऱ्या बाईंचे ज्ञान त्यांच्या चित्रांच्या पुठ्ठ्यांपलीकडे जात नाही. प्रथम त्यांनी बाहुली पुढे केली. मृण्मयीने तिला खोटेखोटे भरवले नाही, हा पहिला गुन्हा. मग साडीतल्या बाईचे चित्र दाखवून विचारले, "बेटा, मम्मी किधर है?"

मृण्मयीने चित्रापुढे हात जोडले आणि मान लववली.

बाई हसल्या. "मिस्टर देवस्थळी, ये तो माँ को भी नहीं पहचानती. बच्ची स्लो है. इंडिया भेज दीजिए, घर में औरत चाहिए."

शैलजा गेल्यापासून तिच्या फोटोपुढे मृण्मयी रोज सकाळी माझ्याबरोबर हात जोडते. आईची दुसरी कोणती ओळख तिला असणार? एवढे समजायला पदवी लागत नाही. पण अशा माणसांना समजावणे मला कमीपणाचे वाटले. मृण्मयी माझ्यापाशीच राहील.

एकच गोष्ट केली, रागावू नकोस. फोटोचा हार काढला आणि फोटो तिच्या हाताला येईल असा खाली ठेवला. काल तिने आपले अर्धे बिस्किट शैलजाच्या तोंडाला लावले.

हे त्या बाईंना कळवण्याची मला आवश्यकता वाटत नाही. तुला कळवले.

तुझा,
दिगंबर