ग्रुप सांभाळणारं माणूस

३ नोव्हेंबर, सोमवार

झाली निवड! वनरक्षक! आईनं पेढे वाटले, प्रीतमनं गल्लीभर सांगितलं, "माई बहीण आता वाघाले दम देईन." संध्याकाळी पत्र नीट वाचलं. ट्रेनिंग १ डिसेंबरपासून, आणि मोबाइल दिवसभर ऑफिसात जमा. संध्याकाळी परत मिळणार.

मग ग्रुपचं काय?

'सिकलसेल सोबती' मी सुरू केला तो माझ्या या धाकट्या भावापायी. रक्ताच्या या आजारानं प्रीतम पहिल्यांदा हाडं दुखून लोळत होता, तेव्हा कोणाला विचारावं हेच आम्हाला कळत नव्हतं. आता अमरावती-अकोल्यातली कितीतरी घरं त्यात आहेत. कोणाचं पोर कळवळलं की कोणीतरी लगेच सांगतं — पाणी पाज, शेक दे, ताप असला तर घरी थांबू नको. हे 'कोणीतरी' म्हणजे बहुतेक वेळा मीच. दुपारी मी नसले तर? एखादा जडीबुटीच्या पुड्या विकणारा घुसला आणि त्याच्या नादानं कोणी लेकराचं औषध बंद केलं तर?

अ‍ॅडमिन शोधायला हवेत. लवकर!

५ नोव्हेंबर

ग्रुपवर विचारलं, कोण तयार आहे? जोडलेल्या हातांचा पूर आला. "ताई, तुमच्यासारखं कोणी नाई." "मायाताई, तुमीच पायजे." जबाबदारीचं नाव काढलं की सगळे भक्त होतात!

एकटे भगवंतराव पुढे आले. निवृत्त हेडक्लार्क, नातीला सिकलसेल, रोज पहाटे गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात. "शिस्त लावतो पाह्य तुह्या ग्रुपाले." केलं त्यांना अ‍ॅडमिन.

९ नोव्हेंबर, रविवार

लागली शिस्त! नांदगाव पेठच्या रूपालीनं लिहिलं, पोरगा पाय धरून रडून राहिला, काय करू? भगवंतरावांचं उत्तर — "प्रथम रुग्णाचे पूर्ण नाव, वय, गाव व रक्तगट कळवावा." मी पाहिलं तेव्हा ती बिचारी रक्तगटाचा कागद शोधत होती.

पोरगा बरा आहे. पण फोनवर मी कडाडलेच. "काका, हे तहसील ऑफिस नाही!" ते हळूच म्हणाले, "मले वाटलं, व्यवस्थित होईन." आता अशा माणसावर किती रागावणार?

१२ नोव्हेंबर

ग्रुप भरला. नवीन लोक बाहेर ताटकळत आहेत. म्हणून आज मुके सदस्य काढून टाकले. कधी बोलत नाहीत, साधा अंगठा दाखवत नाहीत, नुसते वाचतात! घर झाडल्यासारखं मोकळं वाटलं.

प्रीतम म्हणाला, "बोलत नाई म्हणून काढते का कोणाले?" मी म्हटलं, तू आराम कर.

१४ नोव्हेंबर

सकाळपासून निरोपांवर निरोप. "ताई, अकोल्याच्या आपा कुठं गेल्या?" कोण आपा?

शेवटी रूपालीनं सांगितलं. ग्रुपवर कोणी मदत मागितली की जहाँआरा आपा नावाची बाई त्या आईला वेगळा फोन करते. लेकरू शांत होईपर्यंत ठेवत नाही. रविवारी भगवंतराव रक्तगट विचारत होते, तेव्हा रूपालीला तिनंच धीर दिला होता!

आणि मी तिला झाडून बाहेर टाकलं. काय बाई आहे मी!

१६ नोव्हेंबर, रविवार

अकोल्याला जाऊन आले. फोनवर माफी मागायची लाज वाटली. आपा कपडे शिवतात. मला पाहून मशीन थांबवली, चहा ठेवला, आणि मी तोंड उघडायच्या आधीच विचारलं, "मले काहून काढलं, बेटा?"

त्यांचा मुलगा उसामा गेल्या वर्षी गेला. सिकलसेलनंच. घरचे म्हणाले, आता त्या ग्रुपात तुझं काय काम? त्या निघाल्या नाहीत. "त्याच्यासाठीच आली होती ना मी. निघून गेली असती त त्याचं नावच मिटलं असतं." आणि ग्रुपवर का बोलत नव्हत्या? "कोणी तरी इचारलंच असतं, तुमचा पोरगा कसा हाय? मंग काय सांगू? ऐकून त्या पोरी भेल्या असत्या."

मी चहाचा कप खाली ठेवला.

मुक्यांमध्ये अशी आणखीही घरं आहेत म्हणे. लेकरू गेलं, पण ग्रुप सोडला नाही. आणि मी समजत होते, फुकटे वाचक! एकेकाला फोन करून परत घेतलं. नव्यांसाठी दुसरा ग्रुप काढला. हे आधीच सुचायला काय झालं होतं?

आपांना विचारलं, अ‍ॅडमिन व्हाल? "मले मराठी लिवता येत नाई नीट." मग बोलून पाठवा! "अन् एखांदं लेकरू गेलं त..." विचार करते म्हणाल्या. निघताना प्रीतमसाठी मिठाची पिशवी दिली, शेकायला. जाड सुती कापडाची, उसामासाठी शिवायच्या तशी.

२० नोव्हेंबर

आपांचा आवाज आला — "कर बेटा माह्यं नाव." एवढंच. मी स्वयंपाकघरात नाचले!

२४ नोव्हेंबर

पुड्यावाला घुसलाच! "सिकल मुळासकट गायब." मी मुद्दाम गप्प राहिले. भगवंतरावांनी त्याला रीतसर कळवलं — "आपला मजकूर नियमबाह्य असल्याने आपणास ग्रुपमधून कमी करण्यात येत आहे." आणि केलं कमी! त्यांची ती सरकारी भाषा आज पहिल्यांदा गोड लागली.

ठरलं तर. पुड्यावाले भगवंतरावांकडे, रडणारी लेकरं आपांकडे.

३० नोव्हेंबर

बॅग भरली. अ‍ॅडमिनमधून माझं नाव मीच काढायला लावलं. जरा जिवावरच आलं, खोटं कशाला लिहू? प्रीतमला परत परत सूचना. शेवटी तो ओरडला, "जाय ना माय आता!"

१० डिसेंबर, बुधवार

परेडनंतर फोन हातात आला. ग्रुपवर दुपारचा निरोप. प्रीतमचा! "कंबर लय दुखून राहिली, तापही हाय. आई घाबरली." तिथंच खाली बसले.

मग पुढचं वाचलं. आपा आईशी फोनवर बोलत राहिल्या. रूपालीचा नवरा ऑटो घेऊन दारात. भगवंतराव दवाखान्याच्या फाटकावर — नाव, वय, गाव, रक्तगट, सगळं आधीच लिहून! सलाइन लागलं. ताप उतरला. कंबरेखाली मिठाची पिशवी.

मला कोणी विचारलंच नाही.

शेवटी आपांचा आवाज, माझ्यासाठी. "माया, तू जेवून घे. आमी हावो."

जेवले.